श्वासमार्गातील दाब आणि रुग्णाचे जीवित

पोलाद तयार करण्यासाठी लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी यांच्या जोडीला हवाही फार मोठ्या प्रमाणावर लागते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. दुर्ग जिल्ह्यातील भिलाई येथे सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये कार्यान्वित झाली. अशा कारखान्यात वितळलेल्या लोखंडातील जादा कार्बन जाळून टाकण्यासाठी शुद्ध प्राणवायूचा झोत सोडावा लागतो. त्यासाठी हवा अतिशय थंड करून तिच्यातून प्राणवायू वेगळा काढण्याची यंत्रणा उभारलेली असते. २०२१ च्या एप्रिल व मे महिन्यांत, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, पोलादासाठी योजिलेला हा प्राणवायू द्रवरूपात टँकरांतून रुग्णालयांकडे धाडण्यात आला. भिलाईच्या प्राणवायूवर छत्तीसगडमधीलच नव्हे, तर नागपूर आणि विदर्भातील रुग्णालयेही त्या आठवड्यांत अवलंबून होती.

त्या काळात घरोघरी एकच प्रश्न विचारला जाई : प्राणवायू मिळाला की नाही? तो प्रश्न रास्तच होता. परंतु प्राणवायू खाटेपर्यंत पोहोचल्यानंतर दुसरा एक प्रश्न उभा राहतो, आणि रुग्ण कृत्रिम श्वसनयंत्रावर, म्हणजे व्हेंटिलेटरवर असेल, तर त्या प्रश्नाचे महत्त्व पहिल्याहून कमी नसते. हा वायू फुप्फुसात किती दाबाने शिरावा, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधण्यास वैद्यकशास्त्राला जवळजवळ अर्धशतक लागले.

दोन प्रकारचे दाब

प्रथम दाबाचे माप समजून घेतले पाहिजे. रुग्णालयाच्या भिंतीतील नळीतून येणाऱ्या प्राणवायूचा दाब साधारणपणे चार बार असतो. पाण्याच्या भाषेत सांगावयाचे तर तो सुमारे चाळीस मीटर उंचीच्या, म्हणजे तेरा मजली इमारतीएवढ्या, पाण्याच्या स्तंभाचा दाब होय. हा दाब टिकला नाही, तर यंत्रे निरुपयोगी ठरतात. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक येथील झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब घसरला आणि किमान बावीस रुग्ण दगावले. पुरवठ्याचा दाब राखणे किती निकडीचे असते, हे त्या घटनेने साऱ्या महाराष्ट्राला दाखवून दिले.

फुप्फुसाला मात्र एवढा दाब सोसणे शक्य नाही. श्वासमार्गातील दाब सेंटिमीटर पाण्यात मोजतात. निरोगी माणसाला यंत्राने श्वास देण्यासाठी पंधरा सेंटिमीटरांच्या आसपासचा दाब बहुधा पुरतो. तीस सेंटिमीटर, म्हणजे शाळकरी मुलाच्या फूटपट्टीएवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब, ही आज सामान्यतः मानली जाणारी वरची मर्यादा आहे. चाळीस मीटरांपासून तीस सेंटिमीटरांपर्यंत दाब उतरविण्याचे आणि त्या अरुंद पट्ट्यात तो राखण्याचे काम व्हेंटिलेटरला करावे लागते.

नैसर्गिक श्वास आणि यंत्राचा श्वास

नैसर्गिक श्वासात हवा आत ढकलली जात नाही, ती आत खेचली जाते. श्वासपटल खाली सरकते, बरगड्या उचलल्या जातात, छातीच्या पोकळीतील दाब थोडा कमी होतो आणि बाहेरची हवा नाकावाटे आत येते. १९२८ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे ड्रिंकर व शॉ यांच्या ‘लोखंडी फुप्फुसा’चा प्रथम उपयोग करण्यात आला. हे यंत्र निसर्गाच्याच तत्त्वावर चालत असे : रुग्णाचे मानेखालचे सर्व शरीर पेटीत ठेवावयाचे आणि पेटीतील हवेचा दाब पुनःपुन्हा कमी करावयाचा.

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची तीव्र साथ आली. ब्लेग्डाम रुग्णालयात श्वसनाचा पक्षाघात झालेल्या पहिल्या एकतीस रुग्णांपैकी सत्तावीस जण तीन दिवसांच्या आत मरण पावले. संपूर्ण शरीर सामावून घेणारी पेटी त्या रुग्णालयात एकच होती. तेव्हा बियोर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेला छिद्र पाडून, त्यात नळी बसवून, रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत लोटण्याचा उपाय सुचविला. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी आळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून कित्येक महिने या पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण पूर्वीच्या निम्म्याहून खाली आले. आधुनिक अतिदक्षता विभागाचा उगम या घटनेत मानला जातो.

या यशाबरोबर एक मूलभूत बदल घडून आला. हवा आता खेचली जात नव्हती, ती ढकलली जात होती. पोलिओच्या रुग्णांचे स्नायू निकामी झाले होते, परंतु त्यांची फुप्फुसे बहुतांशी मऊ व निरोगी होती, त्यामुळे या बदलाचे दुष्परिणाम फारसे जाणवले नाहीत. पुढील काळात हीच यंत्रे न्यूमोनिया, जंतुदोष, भाजणे, अपघात अशा कारणांनी फुप्फुसेच बिघडलेल्या रुग्णांना लावण्यात येऊ लागली, आणि अडचण तेथे सुरू झाली.

आजारी फुप्फुसाचे लहानपण

१९६७ मध्ये अ‍ॅशबॉ, पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात बारा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे मूळ आजार निरनिराळे होते, परंतु सर्वांची फुप्फुसे एकाएकी ताठर झाली होती, वायुकोशांत द्रव भरला होता आणि प्राणवायू देऊनही रक्तातील त्याचे प्रमाण वाढत नव्हते. या विकाराला आज डॉक्टर ‘एआरडीएस’ म्हणतात. कोविडमध्ये ज्या रुग्णांना व्हेंटिलेटर लावावा लागला, त्यांच्यापैकी बहुतेकांना हाच विकार झालेला होता. भिलाईसारख्या औद्योगिक नगरात भाजणे व धूर फुप्फुसात जाणे ही या विकाराची आणखी दोन संभाव्य कारणे ठरतात.

अशी फुप्फुसे सर्वत्र सारखीच कडक झालेली असतात, असा पूर्वी समज होता. १९८० च्या दशकात इटलीतील गॅतिनोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनच्या साहाय्याने तपासणी केली, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. फुप्फुसाचा मागचा व खालचा भाग द्रवाने भरून बंद पडलेला असतो, आणि हवा घेऊ शकणारा भाग पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसाएवढाच उरलेला असतो. हा उरलेला भाग पुष्कळसा मऊच असतो. प्रौढ माणसाच्या मापाने सोडलेली सर्व हवा या छोट्या भागात शिरते आणि तो प्रमाणाबाहेर ताणला जातो. चार भाकरींचे पीठ एका भाकरीच्या परातीत मळू गेल्यास जे होईल, तसाच हा प्रकार होय.

ताण कशाने पडतो?

प्राण्यांवरील प्रयोगांनी या शंकेला पुष्टी दिली. १९७४ मध्ये वेब व टिअर्नी यांनी निरोगी उंदरांना निरनिराळ्या दाबांनी श्वास दिला. ४५ सेंटिमीटर दाब दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत तासाभराच्या आत पाणी भरले आणि ते मेले. तेवढाच दाब, परंतु उच्छ्वासाच्या शेवटी दहा सेंटिमीटर दाब शिल्लक ठेवून दिला, तेव्हा इजा पुष्कळ कमी झाली. म्हणजे वायुकोश अतिशय ताणणे हे जसे घातक, तसेच ते दर श्वासाला पूर्णपणे मिटू देणे व पुन्हा उघडणे हेही घातक ठरते.

येथे एक आक्षेप संभवतो. तुतारीसारखे वाद्य जोराने फुंकणाऱ्या वादकाच्या तोंडातील व श्वासमार्गातील दाब शंभर सेंटिमीटरांहूनही वर जाऊ शकतो, मग त्याचे फुप्फुस का फाटत नाही? याचे कारण असे, की फुंकताना छातीचे व पोटाचे स्नायू फुप्फुसाला बाहेरून तितक्याच जोराने आवळत असतात. फुप्फुसाच्या आतील व बाहेरील दाबांतील अंतर त्यामुळे थोडेच राहते, आणि इजा त्या अंतरावर अवलंबून असते. १९८८ मध्ये फ्रान्समधील द्रेफ्यूस व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या छातीला पट्टा बांधून हे सिद्ध केले. पट्टा असताना मोठ्या दाबानेही फुप्फुसात पाणी भरले नाही. उलट, लोखंडी फुप्फुसाच्या पद्धतीने मोठा श्वास खेचावयास लावला असता पाणी भरले. तात्पर्य, दाब हा ताणाचा दर्शक आहे, परंतु मूळ अपराधी ताण होय. स्थूल रुग्णाची किंवा पोट फुगलेल्या रुग्णाची छाती जड असते, म्हणून त्याच्या यंत्रावर दिसणाऱ्या दाबाचा अर्थ लावताना हे स्मरणात ठेवावे लागते.

यंत्रावरचे चार आकडे

व्हेंटिलेटरच्या पडद्यावर दाबाचे निरनिराळे आकडे दिसतात आणि त्यांचा अर्थ एकच नसतो. हवा आत शिरत असताना जो सर्वांत मोठा दाब दिसतो, त्याला डॉक्टर ‘पीक’ म्हणतात. त्याला शिखरदाब म्हणता येईल. यातील काही दाब नळ्यांतील व श्वासनलिकांतील अडथळा ओलांडण्यात खर्च होतो, तो वायुकोशांपर्यंत पोहोचतच नाही. श्वास आत गेल्यावर अर्धा सेकंद प्रवाह थांबविला, की हा भाग गळून पडतो व वायुकोशांतील दाब उरतो. हा ‘प्लॅटो’ किंवा स्थिरदाब होय. दम्याच्या रुग्णात शिखरदाब ४५ आणि स्थिरदाब केवळ १८ असू शकतो. तेथे दोष आकुंचित नलिकांत आहे, वायुकोश सुरक्षित आहेत. शिखरदाब व स्थिरदाब दोन्ही वाढलेले असतील, तर मात्र फुप्फुसच ताठर झाले आहे असे समजावे.

तिसरा आकडा ‘पीप’ होय, म्हणजे उच्छ्वासाच्या अंती राखलेला शेषदाब. वायुकोश मिटू नयेत म्हणून तो ठेवावयाचा असतो. स्थिरदाबातून शेषदाब वजा केला, की चौथा आकडा मिळतो. त्याला चालकदाब म्हणतात. प्रत्येक श्वासागणिक फुप्फुस खरोखर किती ताणले जाते, याचा अंदाज या वजाबाकीतून येतो.

उदाहरण म्हणून दोन रुग्ण घेऊ. दोघांनाही दर श्वासाला ३७० मिलिलिटर हवा दिली जात आहे आणि दोघांचाही स्थिरदाब २६ आहे, म्हणजे तीसच्या मर्यादेत आहे. पहिल्याचा शेषदाब १४ आहे, तेव्हा चालकदाब १२ झाला. दुसऱ्याचा शेषदाब ५ आहे, म्हणून त्याचा चालकदाब २१ येतो. वरवर पाहता दोघे सारखेच सुरक्षित वाटतात. वस्तुतः दुसऱ्याचे फुप्फुस तेवढ्याच हवेसाठी जवळजवळ पावणेदोन पट ताणले जात आहे. त्याला तेवढ्याच ताठर फुप्फुसात ३७० ऐवजी २५० मिलिलिटर हवा दिली, तर चालकदाब सुमारे १४ वर येईल.

८६१ रुग्णांचा पुरावा

उंदरांवरील प्रयोग माणसाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. १९९० मध्ये न्यूझीलंडमधील हिकलिंग यांनी दाब मर्यादित ठेवलेल्या पन्नास रुग्णांत अपेक्षेहून पुष्कळ कमी मृत्यू झाल्याचे नोंदविले, आणि १९९८ मध्ये ब्राझीलमधील आमातो यांनी त्रेपन्न रुग्णांवरील चाचणीत तसाच कल दाखविला. परंतु रुग्णांची संख्या लहान होती. निर्णायक पुरावा २००० साली अमेरिकेतील दहा केंद्रांनी मिळून केलेल्या चाचणीतून मिळाला. ८६१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गटांत वाटणी करण्यात आली. एका गटाला किलोमागे १२ मिलिलिटर श्वास देण्यात आला व स्थिरदाबाची मर्यादा ५० ठेवण्यात आली. दुसऱ्या गटाला ६ मिलिलिटर श्वास देऊन मर्यादा ३० ठेवण्यात आली. पहिल्या गटात ३९.८ टक्के रुग्ण मरण पावले, दुसऱ्यात ३१ टक्के. म्हणजे शंभर रुग्णांमागे जवळजवळ नऊ जण अधिक वाचले, आणि त्यासाठी कोणतेही नवे औषध द्यावे लागले नाही. चाचणी नियोजित संख्येपूर्वीच थांबविण्यात आली.

या चाचणीतील एक निष्कर्ष रुग्णाच्या नातेवाइकांनीही समजून घेण्याजोगा आहे. आरंभीच्या दिवसांत रक्तातील प्राणवायूची स्थिती मोठा श्वास दिलेल्या गटातच अधिक चांगली होती. पडद्यावरचा प्राणवायूचा आकडा सुधारत होता आणि त्याच गटात मृत्यू अधिक होत होते. खाटेजवळ उभा असलेला नातेवाईक स्वाभाविकपणे तोच आकडा न्याहाळत असतो. तो ९२ वरून ९७ वर गेला की त्याला हायसे वाटते. परंतु ते पाच अंक फुप्फुसाला अधिक ताण देऊन मिळविलेले असतील, तर त्यांची किंमत काही दिवसांनी मोजावी लागते.

चालकदाबाविषयीचा पुरावा २०१५ मध्ये पुढे आला. आमातो व सहकाऱ्यांनी पूर्वीच्या नऊ चाचण्यांतील ३५६२ रुग्णांची माहिती एकत्र करून तिचे विश्लेषण केले. चालकदाब सुमारे सात सेंटिमीटरांनी अधिक असेल, तेथे मृत्यूचा धोका सुमारे ४१ टक्क्यांनी वाढलेला आढळला, आणि स्थिरदाब मर्यादेत असतानाही हा संबंध टिकून होता. व्यवहारात चालकदाब १५ च्या आत ठेवण्याचा प्रयत्न करतात. मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्याचे फुप्फुस अधिक बिघडलेले, त्याचा चालकदाब आपोआपच अधिक असणार. ताप उतरला म्हणजे रोग गेलाच असे नसते, तद्वत चालकदाब आजाराचे लक्षण किती आणि मृत्यूचे कारण किती, हे अशा मागाहून केलेल्या विश्लेषणावरून पूर्णपणे ठरत नाही. २००० सालच्या चाचणीचे वजन यासाठीच अधिक आहे.

वजन नव्हे, उंची

किलोमागे सहा मिलिलिटर असे म्हटले, तरी ते किलो तराजूवरचे नव्हेत. माणूस स्थूल झाला म्हणून त्याचे फुप्फुस मोठे होत नाही. फुप्फुसाचा आकार उंचीवर व लिंगावर अवलंबून असतो. म्हणून उंचीवरून अपेक्षित वजन काढतात. सेंटिमीटरमधील उंचीतून १५२.४ वजा करावेत, बाकीला ०.९१ ने गुणावे आणि पुरुषासाठी ५०, स्त्रीसाठी ४५.५ मिळवावेत. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे अपेक्षित वजन ६१.५ किलो येते आणि श्वास सुमारे ३७० मिलिलिटर. १५० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे अपेक्षित वजन ४३.३ किलो, तर श्वास केवळ २६० मिलिलिटर.

समजा या स्त्रीचे प्रत्यक्ष वजन ७० किलो आहे आणि डॉक्टरांनी अंदाजाने किलोमागे ८ मिलिलिटर धरले. तिला ५६० मिलिलिटर हवा मिळेल. अपेक्षित वजनाच्या हिशेबाने हे प्रमाण तेरा मिलिलिटरांच्या घरात जाते, म्हणजे २००० सालच्या चाचणीत ज्या गटात मृत्यू अधिक झाले, त्याच्याही वर. आपल्याकडे स्त्रियांची उंची बहुधा कमी असल्याने ही चूक त्यांच्या बाबतीत होण्याचा संभव अधिक असतो. ती टाळण्यासाठी निजलेल्या रुग्णाची टाचेपासून टाळूपर्यंत मोजपट्टीने उंची घेणे एवढेच पुरेसे असते.

दाब कमी ठेवण्याची किंमत

श्वास लहान केला की कार्बन डायऑक्साइड पूर्णपणे बाहेर पडत नाही आणि रक्ताची आम्लता वाढते. काही मर्यादेपर्यंत ती सहन करावी, असे आता मानले जाते. यंत्राशी झगडणाऱ्या रुग्णाला गुंगीचे औषधही द्यावे लागते. शेषदाब वाढविणे हाही निरपवाद उपाय नाही, कारण तो अति झाल्यास चांगला भाग ताणला जातो व हृदयाकडे परतणारे रक्त अडते. बंद पडलेले वायुकोश मोठ्या दाबाने बळेच उघडण्याचा उपाय २०१७ मध्ये ब्राझीलमधून चालविलेल्या चाचणीत १०१० रुग्णांवर तपासण्यात आला. अठ्ठावीस दिवसांत या उपायाच्या गटात ५५.३ टक्के, तर साध्या गटात ४९.३ टक्के रुग्ण दगावले.

याउलट, रुग्णाला दिवसातील सोळा तास पालथे निजविण्याच्या उपायाने तीव्र विकारात चांगले यश मिळाले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः फ्रान्समध्ये केलेल्या चाचणीत ४६६ रुग्ण होते. पालथ्या निजविलेल्यांत मृत्यूचे प्रमाण १६ टक्के, तर उताण्या ठेवलेल्यांत ३२.८ टक्के राहिले. पालथे झाल्याने पाठीकडील मिटलेले वायुकोश उघडतात आणि ताण साऱ्या फुप्फुसात वाटला जातो. यासाठी चार-पाच जणांचे हात आणि दक्ष परिचारिका लागतात.

मोजमापाची सवय

२०१६ मध्ये पन्नास देशांतील ४५९ अतिदक्षता विभागांची पाहणी प्रसिद्ध झाली. यंत्रानेच पूर्ण श्वास दिल्या जाणाऱ्या रुग्णांपैकी केवळ सुमारे ४० टक्क्यांचा स्थिरदाब मोजलेला आढळला. पुरावा उपलब्ध होऊन सोळा वर्षे लोटली होती, यंत्रांवर तशी कळही होती, परंतु मोजण्याची सवय सर्वत्र लागली नव्हती.

भिलाईच्या सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्रासारखी मोठी संस्था असो किंवा विदर्भातील एखादे जिल्हा रुग्णालय असो, या कामाची साधने दोन्हीकडे सारखीच आहेत : उंचीसाठी मोजपट्टी, एक गुणाकार, एक वजाबाकी, प्रवाह अर्धा सेकंद थांबविणारी कळ आणि प्रत्येक पाळीत स्थिरदाब व चालकदाब लिहिण्यासाठी तक्त्यावर दोन रकाने. ते रकाने रात्रपाळीतही भरले जातात की नाही, हे विभागप्रमुखाने रोज सकाळी पाहिले पाहिजे. आकडे तीस व पंधरा यांच्या वर जाऊ लागले, की श्वास लहान करणे, शेषदाबाचा पुनर्विचार करणे आणि रुग्णाला पालथे निजविणे हे उपाय त्या क्रमाने हाती घेता येतात. फुप्फुस बरे होण्यास जे दिवस लागतात, तेवढे दिवस यंत्राने त्याला अधिक इजा न करता साथ द्यावी, इतकीच अपेक्षा यंत्राकडून ठेवावयाची असते.